खंड, असल्यास कारणे द्या

अर्जाच्या चौथ्या पानावर हा रकाना,
दोन ओळींची जागा.
पहिल्यांदा लिहिलं: मुलगी, सासऱ्यांचा पक्षाघात, पुन्हा मुलगी.
वाचलं तर वाणसामानाची यादी वाटली.
खोडलं.

ताळगावच्या पठारावर तीन दिवस
आम्ही एकवीस जणी, सगळ्या गणितातल्या.
खिडकीबाहेर काजूची झाडं, आत पंख्याची घरघर,
आणि प्रत्येकीपुढे पाच वर्षांचा कोरा तक्ता.
काणकोणची सुचेता वेळीप
पाचही चौकोनांत एकच शब्द लिहून बसली: पीएचडी.
केप्याच्या जोस्फिनाने चौकोनांची बेरीज तपासली
(सवय, म्हणाली).

लिबिया फुर्तादो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेल्या,
केस मुलासारखे कापलेले,
माझा आराखडा घेऊन आधी पेन्सिलीनं मोजू लागल्या.
"'जमल्यास' अकरा वेळा.
'शक्य झाल्यास' चार.
प्रश्न एकही नाही.
हे संशोधन आहे की रजेचा अर्ज?"
सगळ्या हसल्या.
मीही, जरा उशिरा.

त्यांना कसं सांगू,
माझं संशोधन फेरीबोटीत होतं.
दिवाडी ते रायबंदर, जाताना सात मिनिटं, येताना सात,
स्कूटरच्या सीटवर वही टेकवून,
इंजिनच्या धडधडीनं प्रत्येक बेरीजचिन्ह थरथरलेलं.
प्रश्नही तिथंच मिळाला:
स्कूटरी एका क्रमानं चढतात,
तीन रांगांत उभ्या राहतात,
उतरताना क्रम निराळा.
कुठला क्रम साधेल, कुठला कधीच साधणार नाही?
रांगा सरळ असल्या तर उत्तर जुनं आहे, पुस्तकात सापडतं.
पण एखादी स्कूटर मधेच, एकदाच,
शेजारच्या रांगेत घुसली तर?
फेरीवरचा मिंगेल हे रोज हातवाऱ्यांनी सोडवतो.
कागदावर अजून कुणी सोडवलेलं मला दिसलं नाही.

चहाच्या वेळी, कपाच्या कडेकडे बघत,
हे बाईंना सांगून टाकलं.
त्यांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं.
"मग हेच का नाही लिहिलंस?"
"फेरीबोट?"
"फेरीबोट राहू दे. पहिलं वर्ष, दोन रांगा.
दुसरं, तीन.
अडलीस तर कुठं अडलीस ते तिसऱ्या वर्षी छाप,
अडण्यालाही किंमत असते."

रात्री पोरी झोपल्यावर पुन्हा तो रकाना.
पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सांतत्य शिकवते.
एका बिंदूशी फलाची किंमत नाही,
पण डावीकडून आणि उजवीकडून
वाट एकाच जागी येते,
तर तो खंड दूर करता येतो:
एक ठिपका द्या, संपलं.
माझा तसा नाही.
डावीकडून येते ती एकोणतीस वर्षांची,
लायब्ररीच्या किल्ल्या खिशात, घाई नसलेली.
उजवीकडून निघते ती छत्तिसाची, भलत्याच उंचीवरून.
दोघींची गाठ पडत नाही.
हा उडीचा खंड. ठिपका देऊन भरत नाही,
फक्त नोंदवता येतो.

खारं पाणी शिरलेलं खाजन
दोन-तीन पावसाळे पडीक ठेवतात,
मीठ धुऊन जाईपर्यंत.
सासरे अर्ध्या तोंडानं हे सांगत,
तेव्हा मी त्यांना पेज भरवत असे
आणि मनातल्या मनात रांगा लावत असे.

रकान्यात लिहिलं: सात वर्षे.
कारण दिलं नाही.
आराखड्यातले 'जमल्यास' काढले,
एक राहिला, नजरचुकीनं असेल.

आज संध्याकाळची फेरी.
बांगड्याची टोपली, दोन पाद्री, सिलिंडरचा टेम्पो,
माझी स्कूटर मधल्या रांगेत.
धक्का आला, फळी पडली, पुढचे सुटले,
आणि नेमकं तेव्हाच दिसलं,
घुसणारी स्कूटर मोजायची ती
जिथं घुसली तिथून नव्हे,
जिथून निघाली तिथून.
मागे हॉर्न.
मिंगेल ओरडतो, "बाये, वच मुखार!"
थांब रे, म्हणते मी,
एकच ओळ राहिली.