काटा

माघ सरताना सायखेड्याच्या समाजमंदिरात
आम्ही मशीन मांडलं.
टाच ठेवायला खाच, दोन्ही बाजूंनी थंडगार जेल,
आणि पडद्यावर एक आकडा,
बहुतेकींचा उणे.

कौतिकाबाई नैताम. वय एकोणपन्नास.
वजन एकोणचाळीस किलो,
कमरेची पिशवी आणि तंबाखूची डबी
काढून ठेवल्यावर.
टाचेला भेगा इतक्या
की जेल आतच मुरलं, पुन्हा लावावं लागलं.
उणे दोन पूर्णांक सहा.

ऋतूच्या रकान्यात मी हिवाळा लिहिलं.
अंगावर ऊन येतं का, विचारलं तर हसली.
वेचणीला जाताना
नवऱ्याचा फुल बाह्यांचा सदरा,
डोक्याला दुपट्टा, हातात जुने मोजे,
बोंडाची टोकं बोचतात म्हणून.
दिवसभर उन्हात,
आणि ऊन फक्त नाकावर.

वैशाखात परत गेलो.
पऱ्हाट्या उपटून झालेल्या, मोह वाळवून झालेला,
लग्नांच्या पंगती अंगी लागलेल्या.
वजन एक्केचाळीस.
उणे दोन पूर्णांक तीन.
"हाड भरलं काय, मॅडम?"

मी घुटमळले.
उन्हाळा सरताना आकडे थोडे वर सरकतात,
चार घास जास्त गेले तरी सरकतात,
कधी नुसती टाच केसभर कललेली असते.
हे सगळं तीन दशांशात मावतं.
त्यात हाड किती?
सोप्या भाषेत सांगायचं होतं,
आणि सोपी भाषा
माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत नव्हती.

तीच म्हणाली,
"सकाळी वेचला त कापूस दवानं जड भरते.
दुपारी तोच हलका.
काट्यावर मालक दवाचा म्हणून
किलोमागं पाव कापते.
मले मालूम रायते म्या किती वेचला.
तुमच्या मशीनले बी दव लागत असन."

मी गोळ्यांची पाकिटं मोजून दिली.
दूध घेता का, विचारलं.
"बकरी आटली," म्हणाली,
जणू तोही एक ऋतूच.

शेऱ्याची जागा कोरी राहिली.
पदरानं टाच पुसत ती उठली,
मागं उभ्या लेकीला खांद्याला धरून पुढं केलं,
"हिची बी पाहा.
हे त आताशी वेचाले लागली."

थंड जेल लागताच
पोरीनं पाय मागं ओढला.