चाळीस मिलिमीटर आस

माल्पिकाच्या धक्क्यावर आम्ही सहा जणी
जाळी सांधत बसतो, पाय पसरून,
हिरव्या दोऱ्याच्या ढिगात कंबरेपर्यंत.
निरीक्षक येतो, पत्र्याची पाचर आसात घालतो:
चाळीस. कमी नको.
लहानांना निसटता आलं पाहिजे,
असा कायदा आहे.
तेव्हा सासू माझ्याकडे बघत नाही.

पहिलं नवव्या आठवड्यात गेलं, दुसरं अकराव्या.
तिसऱ्याला नाव ठेवून झालं होतं.
कुठला वार तेही आठवतं, गुरुवार,
सार्डिनची बोट लागत होती.
वार, डॉक्टर म्हणाली, फार लहान होती,
पांढुरकी, जागोजागी गोठून बंद पडलेली.
मी विचारलं, मी उचललेल्या टोपल्यांनी?
नाही.
पावसात बसून?
नाही, साबेला, नाही.

त्याच्याही आधी एक कागद आला होता:
रक्तात उपदंश.
ब्राइस तेव्हा आयर्लंडच्या बाजूला, हेकच्या बोटीवर.
फोनवर मी त्याला हवामान विचारलं.
तो घरी आला तशी पिशवी उपडी केली:
मिठानं ताठलेले मोजे, एक शिट्टी,
माझ्यासाठी साबणाची वडी.
आठ रात्री एकाच पलंगाचे आम्ही दोन काठ.
मग दुसरी तपासणी. उपदंश नाहीच.
रक्त खोटं बोललं म्हणजे, मी म्हटलं.
डॉक्टर कास्तेलेइरो चष्मा पुसत राहिली.
खोटं नाही गं. दुसऱ्याच कशाबद्दल तरी खरं.

थंडीत माझी बोटं पांढरी पडतात,
मग निळी, मग लाल.
वीस वर्षं मारुक्सा म्हणत आलीय,
फडकला बघा फ्रान्सचा झेंडा.
आम्ही हसायचो. कुणाला ठाऊक,
तो आतून हलवलेला हात होता.

जे सगळ्याला धरून ठेवतं, डॉक्टर म्हणाली,
कातडीला मांस, हाडाला हाड,
त्याचाच हा आजार.
म्हणजे कुंपणच शेत खातंय?
कुंपणाला शेत परकं वाटतंय.
आणि गंमत बघ, काचेच्या नळीत
तुझं रक्त गोठायला वेळ लावतं,
अंगात मात्र घाई करतं.
माझी सासू अशीच आहे, मी म्हटलं,
चारचौघांत पातळ, घरात लगेच घट्ट.
ती हसली. मग मीही,
त्या गुरुवारानंतर पहिल्यांदा.

चौथ्या वेळी खुबे सैल झाले,
जिना चढताना आत काहीतरी कटकन वाजतं.
वाजू दे, ती म्हणते, अंग जागा करतंय.
सकाळी अ‍ॅस्पिरिनची चिमुकली गोळी,
रात्री पोटात हेपरिनची सुई.
ब्राइस समुद्रावर, माझे हात थरथरतात,
म्हणून सासू टोचते. ओब्दुलिया,
पन्नास वर्षं जाळ्याची सुई चालवलेली.
फाटलेली कड धरावी
तशी दोन बोटांत माझं पोट धरते,
श्वास रोखते, स्वतःचा.
काल इथं, आज इथं,
जांभळ्या डागांत कोरी जागा शोधत.
एकदा पुटपुटली, खूप उशिरा शिकले.
कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

दर सोमवारी आ कोरुन्याची बस.
तुझ्यातलं एक नाळेतून पलीकडे जाऊ शकतं,
त्याच्या हृदयापर्यंत, म्हणून ऐकायचं.
पडद्यावर आकडा. एकशे त्रेचाळीस.
मागच्या सोमवारी एकशे अडतीस होता.
बसमध्ये मी हे दोन आकडे
पावाच्या भावासारखे घोकते.
आज बाविसावा आठवडा.
पाळण्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

दुपारी उरलेल्या दोऱ्याचा
एकच आस विणला, वीस मिलिमीटरचा.
बेकायदा.
निरीक्षक पलीकडच्या जाळ्यात वाकला होता.
ओब्दुलियानं तो माझ्या हातून घेतला,
उजेडात धरला, गाठ ओढून पाहिली,
अजून एकदा ओढली,
आणि माझ्या एप्रनच्या खिशात टाकला.