डावं-उजवं

मिसेस नामुकोलोंनी अख्खा घट
फळ्यावर एका ओळीत बसवला:
जस्त, उभी रेघ, जस्ताचे आयन,
दोन रेघा,
तांब्याचे आयन, उभी रेघ, तांबं.
"झालं," म्हणाल्या, आणि हातांचा खडू झटकला.

मागच्या बाकावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
एवढ्यात झालं?
टेबलावर तर दोन बीकर होते, एकाचा काठ टवका उडालेला,
मोरचुदाचं पाणी, कित्वेच्या आभाळाहून निळं,
शोऱ्यात भिजवलेली गाळणकागदाची पट्टी,
जी दोनदा माझ्याच हातून तुटली,
आणि व्होल्टमीटरचा काटा, एकच्या जरा पुढे
थरथरत उभा.
यातलं काहीच ओळीत नव्हतं.

"एक रेघ म्हणजे हद्द," बाई म्हणाल्या,
"जिथे धातू संपतो आणि पाणी लागतं.
दोन रेघा म्हणजे सेतू.
झिजणारं नेहमी डावीकडे.
माणसांत डावं-उजवं करू नये,
इथे करावंच लागतं."

सगळ्या हसल्या.
मी वहीत जस्त लिहिलं
आणि पेन तिथेच टेकवून ठेवलं.

आमचं जस्त कब्वेहून आलं होतं.
खाण बंद झाली त्या वर्षी
बाबा एक पत्र्याची पेटी घेऊन रेल्वेत बसले,
न्डोलाला गाडी बदलली,
आणि आईच्या गावी, तांब्याच्या गावी उतरले.
रिफायनरीच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारा मिळाला.
आई बाजारात सुके कापेंटा मासे विकायची,
तिचे हात दरवर्षी जरा अधिक भरायचे,
बाबांच्या सदऱ्याची कॉलर
दरवर्षी जरा अधिक सैल.

रात्री कंदिलापाशी आईने वहीत डोकावलं.
"मध्ये हे कुंपण कशाला घातलंस?"
"कुंपण नाही गं, रूळ आहेत."
"मग गाडी कुठाय?"
मला उत्तर आलं नाही.
गाडी लिहीतच नाहीत, आई.
जे धावतं ते ओळीत धरत नाहीत.

वीज गेली होती. मी दोन घट एकामागे एक जोडले,
जॅमच्या बरण्यांत, चोरून आणलेल्या पट्ट्यांवर,
आणि खेळण्यातल्या मोटारीचा लाल ठिपक्याएवढा दिवा
लागला.
बाबा पहाऱ्याला निघाले होते, दारात थांबले.
"जस्त?" त्यांनी विचारलं,
आणि पट्टी न उचलता
नुसतं बोट लावून पाहिलं,
जुन्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं.

सकाळी दिवा विझलेला.
एकीकडे पट्टी खाल्लेली, दुसरीकडे तांबूस साय,
निळं पाणी फिकं.
आणि ओळ? ओळ तीच.
ताजा घट, थकलेला घट,
जस्त रेघ जस्त दोन रेघा तांबं रेघ तांबं.
फरक फक्त कंसातल्या आकड्यांत.
दवाखान्याची चिठ्ठीही तशीच होती:
नाव तेच, पत्ता तोच,
आणि पुढे कंसात
रक्तातल्या शिशाचा आकडा.

चाचणीत मी ओळ उलटी लिहिली.
तांबं डावीकडे. जस्त उजवीकडे.
व्होल्टेजपुढे नीट, ठसठशीत उणे चिन्ह.
मैत्रीण म्हणाली, गेले तुझे दोन मार्क.

बाईंनी लाल पेनने खोडलं नाही.
कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं,
"चूक नाही, कासुबा.
फक्त ही गाडी आपण होऊन सुटत नाही.
बाहेरून ढकलावी लागते."

किती ढकलावी लागते, हे मी विचारायला हवं होतं.
त्याऐवजी मी वही मिटली
आणि फाटकापर्यंत चालत गेले,
बाबांची पाळी संपायची वेळ झाली होती,
पेटीएवढा जड डबा त्यांच्या हातून घेतला
आणि त्यांच्या डावीकडून चालू लागले.