नमुना

इर्माच्या गच्चीतला निवडुंग मे महिन्यात फुलला,
माझा तेव्हा मुका.
आता सप्टेंबरात माझ्यावर एक कळी,
तर तिचा हिरवा गप्प.
दोघांच्या तारखा जुळत नाहीत,
आणि स्वतःचं स्वतःला चालत नाही.
म्हणून चार महिने फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाली,
होमिओपॅथीच्या बाटलीत
चिमूटभर पिवळे परागकण.
सोबतीला पुरचुंडीत भाजलेले तांदूळ,
कारण माझगावची हवा मिठालासुद्धा सोडत नाही.

जिवंत आहेत का, एवढंच बघायचं.
उकळून निवलेलं पाणी. साखर, शंभराला दहा.
बोरिक पावडर, पोराच्या जुन्या कॅरमच्या डब्यातली,
टाचणीच्या टोकावर राहील तेवढीच.
काचेवर एक थेंब, काच उपडी,
खाली ओला टिश्यू, वर टिफिनचं झाकण.
पहिल्या खेपेला साखर कमी पडली.
पाणी पिऊन पिऊन फुटले बिचारे.

एकतीस वर्षं हेच तर केलं,
लालबागच्या लॅबमध्ये, पडद्याआड.
शंभर मोजायचे, हलणारे किती ते लिहायचं.
बाकावर जोडपं बसलेलं असायचं.
नवरा पंख्याकडे बघत,
बायको त्याच्या चपलांकडे.
"सहानंतर या," म्हणायचे मी,
आणि कागद घडी घालूनच द्यायचे,
आकडा आत.

इर्मा म्हणते, मेलेले निघाले तर?
दुसरे आहेत कुठे लावायला?
मग तपासतेस कशाला?

मी चहा गाळते. खरं आहे तिचं.
पण बघितल्याशिवाय
मी कुणाला "होईल" म्हटलेलं नाही.

साडेपाच. चोरबाजारातला मायक्रोस्कोप,
त्याचा तडकलेला आरसा खिडकीकडे वळवला.
गोल. गोल. सुरकुतलेला गोल.
धुळीचा कण. गोल.
मग कडेला एकाला शेपूट.
नाही, शेपूट नव्हे, शेपूट पोहतं.
ही नळी. ही जागची हलत नाही,
नुसती लांबत जाते,
साखरेच्या पाण्यात, जिथे फूलच नाही,
तिथेही फुलाकडे.

शंभर मोजले. सात.
लॅबमध्ये साताखाली लाल रेघ मारायचे.
बोटं सवयीने पेन शोधू लागली.

"काय गो, पास का नापास?" इर्मा दारातून.
बाहेर कळीचं टोक सैल व्हायला लागलेलं.
ब्रश आण, म्हटलं.
पापण्यांना लावतेस तो नको,
कोरा आण.