उजेडाला धरून

पायाची मोहरी अठ्ठावीस इंच.
शफीमियाँनी टेप दोनदा लावला,
चष्मा कपाळावर सरकवला,
"ये तो हमारेच दुकान की है मियाँ,
अंदर पट्टी पे देखो."
पट्टीवर पिवळ्या धाग्यात: न्यू डिलक्स, सदर बाजार, जालना.
खाली धोब्याची खूण, निळ्या शाईत,
तीन टिंबं, एक आडवी रेघ.
कुणाची होती, मी विचारलं.
"नाप याद रहता है. आदमी नहीं."
कमर दीड इंच आत घेतली,
पैसे घेतले नाहीत.

बियाण्यांच्या कंपनीत आम्ही सगळे
एकाच हिरव्या टी-शर्टात, पाठीवर कपाशीचं बोंड.
शनिवारी सूट असते.
शनिवारी मी कुत्र्याच्या कानाची कॉलर
बाहेर काढतो, ती बेलबॉटम चढवतो,
आणि गांधीचमनपासून गेटपर्यंत चालत जातो
मोहरी फडफडवत.
डोईफोडे म्हणतो, "नाटकात लागलास का रं?"
सगळे हसतात. मी पण.
डब्याच्या सुट्टीत काय सांगणार,
की मॉलमधला शर्ट मला नुसतं 'एल' म्हणतो
आणि ही पँट एके काळी
कुणा एकालाच ओळखायची.

आई हसली नाही.

सारजाबाई भांडेवाली.
डोक्यावर पाटी, पाटीत स्टील, खांद्याला गठुडं.
पँटीला वाटी, दोन साड्यांना तांब्या,
जरीच्या पदराला डबा, तोही झाकणासकट
जर घरातली बाई घासाघीस करणारी असली तर.
रात्री कंदिलाशी बसून बटणं लावायची,
सकाळी बाजारात तेच कपडे, नव्यासारखे.
जे खपायचं नाही ते माझं.
सातवीत बोरकरांच्या पोरानं
माझ्या अंगावरचा सदरा ओळखला,
खिशावरच्या शाईच्या डागावरून,
अख्ख्या वर्गासमोर.
मी तो डाग हातानं झाकून
उरलेला पूर्ण तास उभा होतो. बस म्हणाले तरी.

"कामून रं?" आई म्हणाली.
"म्या उन्हातान्हाचं गठुडं वाह्यलं
ते तुला कोरं घालता यावं म्हणून.
अन् तू पैसे मोजून उतरलेलं आणतूस?"

उत्तर होतं माझ्याकडे. तयार करून ठेवलेलं.
"तेव्हा अंगावर पडायचं, आई.
आता मी निवडतो."

"मेल्याचं असंल ते."
"असेल."
"मेल्याला काय कळतंय कोण घालतंय,"
ती म्हणाली, "जित्याला कळतंय."

मला वाटलं होतं तिला तो सदरा माहीत नाही.
मी तर घरी काहीच सांगितलं नव्हतं.

मग आम्ही दोघंही बराच वेळ
दोरीवरच्या त्या पँटीकडे बघत राहिलो,
कुणी पाहुणा आलाय आणि बसत नाही, तसं.

शेवटी तीच उठली.
पँट ओढून घेतली, उलटी केली,
शिवणीवरून अंगठा फिरवला वरपासून खालपर्यंत,
दारात गेली आणि दोन्ही हातांनी
उजेडाला धरली.
चाळीस वर्षांची सवय, भोक शोधायची.
तिचं तोंड कापडाआड.
आवाज तेवढा आला:

"टेरीकॉट हाय. चांगलं.
बुडाला झीज नाही, बसून खाणारा नव्हता.
उजव्या पोटरीला वंगण, धुऊन धुऊन उलशिक राहिलेलं.
सायकलवाला.
उंच असंल. खाली दोनदा उसवून वाढवलंय.
वाढत्या वयाचं पोरगं व्हतं गं बाई."

"केवढ्याला घेतलीस?"
"अडीचशे."
"फसलास. म्या दीड वाटी दिली असती."
"दीड वाटी कशी देतात?"
"एक मोठी, एक बारकी," ती म्हणाली,
आणि मला वाटतं, थोडी हसली. नक्की नाही.

पुढच्या शनिवारी पँट खुंटीला होती,
इस्तरी केलेली, घडी सुरीसारखी.
दोन्ही खिसे बाहेर ओढून झटकलेले,
ती पूर्वी करायची तसे,
पाटी उचलायच्या आधी,
कुणाचं काही राहिलंय का बघायला.