पान एकशे एक्क्याण्णव

दिवाळीच्या चार सुट्ट्या, घरात मी एकटी.
फराळ विकतचा, कंदील गेल्या वर्षीचा,
आणि नौपाड्यातल्या वाचनालयातून आणलेली
एक रहस्यकथा, मुखपृष्ठ गेलेली,
म्हणून लेखकही गेलेला.

गोष्ट थंड हवेच्या ठिकाणची.
एक बंगला, सात पाहुणे, पत्त्यांचा डाव,
आणि सकाळी नाश्त्याला न उतरलेले मेजर.
पोहे गार झाले. मेजरही.

नरकचतुर्दशीला, अंगावर उटणं तसंच वाळत ठेवून
मी एकशे नव्वदाव्या पानावर पोचले.
इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं,
पाइप झटकला, म्हणाला,
"खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव"

पुढे पुठ्ठा.

बाहेर राममारुती रोडवर सगळं ठाणं नटून उभं.
मी कुठल्या तोंडाने जाऊ?
मेजरला कुणी मारलं तेच मला माहीत नाही.

भिंग नव्हतं, आईचा जुना चष्मा लावला.
पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं:
पट्टी धरून, ब्लेडने, शिवणीपासून तांदूळभर सोडून.
रागाचं काम नव्हे हे. शिस्तीचं.
मागच्या चिठ्ठीवर तारखा, तारखांपुढे सभासद क्रमांक,
आणि सभासदांची यादी गेल्या सभेला मीच टाइप केलेली.

क्रमांक चारशे बारा, कारखानीस सर.
लाल पेन्सिल पुस्तकभर त्यांचीच.
छापणाऱ्याने जिथे जिथे 'खुन' लिहिलं
तिथे तिथे सरांनी उकार दीर्घ केलेला.
"त्यातले सत्तावीस खून माझे," त्यांनी दारातच कबूल केलं.
आणि शेवट?
"गोष्ट कोण वाचतंय? मी चुका वाचतो."

क्रमांक त्र्याण्णव, चरईच्या ज्युलिएट परेरा.
पान साठ ते सत्तर तुपकट, ते त्यांच्यामुळे.
"शेवटापर्यंत कशाला जायचं, बाय?
अर्ध्यातच कळतं. बायकोने मारला."
पण मेजरला बायकोच नाहीये.
"बघ. म्हणजे पळाली."

क्रमांक सातशे पन्नास, तन्मय शिर्सेकर, सहावी ब, उथळसर.
पट्टी आहे, ब्लेड आहे, घरी केलेला कंदील आहे.
मी त्या कंदिलाखाली मान वर करून
एकेक शेपटी वाचत उभी राहिले.
तिसऱ्या शेपटीवर भूमिती, पंचवीसपैकी चार.
"ताई, हळू," तो कुजबुजला, "आई आत आहे."
पुस्तकाला शेवट नव्हता म्हणे, म्हणून त्यानेच केला.
त्यात भूत येतं.

पाडव्याला वाचनालय तासभर उघडतं.
राऊळांनी तारीख पाहिली, चष्म्यावरून मला पाहिलं,
"वेळेत आणलंत!" म्हणाले, गहिवरल्यासारखे,
आणि खणातून बिस्किटांचा डबा काढला.

आत पानं. नुसती शेवटची पानं.
"लोक उभ्या उभ्या शेवट वाचतात नि पुस्तक ठेवून जातात.
नेलं तर वर्षभर आणत नाहीत.
म्हणून एकशे चाळीस खुनी इथे डांबलेत मी.
तारीख पाळली तरच सुटका.
तुमच्या आधीचे तिघेही दंड भरून गेले."

मी हात पुढे केला. पान घेतलं. वाचलं.
'माळी गुडघ्यांवर बसला, हुंदका देऊन म्हणाला,
होय, बाईसाहेबांना मीच विष दिलं.'

राऊळसाहेब, माझ्या पुस्तकात माळी नाही.
बाग नाही. बाईसाहेबसुद्धा नाहीत.

राऊळांनी कान खाजवला, डब्याकडे पाहिलं.
"मांजराने पाडला होता एकदा," म्हणाले,
"तेव्हा जरा घाईतच भरला."

टेबलावर एकशे चाळीस कबुलीजबाब पसरून
आम्ही दोघं बसलो आहोत. अजून एक सुट्टी आहे.
तन्मयला डिंक घेऊन बोलावलंय.
ज्युलिएटबाईंनाही फोन केला, माळ्याचं सांगितलं.
पलीकडे क्षणभर शांतता, मग कढईत काहीतरी चुर्रकन पडलं.
"हां," त्या म्हणाल्या, "मग बायको त्याच्याबरोबरच पळाली."