सात मिनिटांची प्रकरणं

चोडणच्या धक्क्यावरून रायबंदरला
फेरीबोट सात मिनिटांत पोचते.
कधी आठ.
माझ्या कादंबरीची प्रकरणं म्हणून आखूड आहेत,
उगाच कुणी शैलीबिली म्हणू नये.

वही मांडीवर, मी स्कूटरवर,
स्कूटर दोन टेम्पोंच्या मध्ये,
समोर एका मावशीची टोपली, टोपलीत बांगडे,
बांगड्यांचे डोळे उघडे, माझ्या पानाकडे लागलेले.
इतकं लक्ष देऊन मला अजून कुणी वाचलेलं नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
लोणच्याच्या बरण्या आणि गंजकी कुलुपं यांच्यामध्ये
मिळालं ते पुस्तक. वीस रुपये.
पहिली चार पानं नाहीत,
म्हणजे नाव नाही, लेखक नाही,
थेट पाचव्या पानावर एक बाई दार लावून घेते.
का लावलं ते मला कधीच कळणार नाही,
आणि ते मी किती वेळा वाचलं म्हणून सांगू.
भात करपला.
आईने पुस्तकालाच शिव्या दिल्या.
मागच्या पुठ्ठ्याच्या आत जांभळा शिक्का:
मराठी वाचनालय, गदग.
त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
परत करायचे राहिले.

तिथून इनास आला.
त्या तीन शब्दांतून, सुटकेस घेऊन,
केस विंचरलेले, बुटांना पॉलिश.
त्याला ते पुस्तक गदगला नेऊन द्यायचं होतं.
मी म्हटलं, चल, तीनशे पानांत पोचवते.

तीन वर्षं झाली.
इनास रॅम्पपाशी उभा.
मी त्याला ताप आणला, बहिणीचं लग्न काढलं,
एकदा तर मांडवीला पूर आणला
आणि दुसऱ्या दिवशी खोडला.
दोरखंड सांभाळणारा बाबल रोज विचारतो,
"पावलो गो तुजो इनास?"
"खंय? अजून हांगाच."
"तिकीट काडून दी ताका," म्हणतो, आणि साखळी ओढतो.

खरी गोष्ट अशी, की गदग मीच पाहिलं नव्हतं.
कितीतरी शहरं मला तोंडपाठ होती,
कुठल्या गल्लीत धुकं साचतं,
कुठल्या जिन्याची तिसरी पायरी सैल आहे,
पण स्वतःच्या पायांनी
मी बेळगावपलीकडे गेले नव्हते.

मग गेले.
पगारातले पैसे, खाज्याची पुडी, पिशवीत पुस्तक.
घाटात बोगदा आला की काचेत माझाच चेहरा,
बोगदा संपला की तिथेच झाडं.
दुपारपर्यंत तेच बघत बसले.
वाचायला नेलेलं काहीच उघडलं नाही.

गदगला, शिक्क्यावरच्या पत्त्यावर,
मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
पोरगा भिंगातून मान वर न करता म्हणाला,
चार्जर?
मी पिशवीत हात घालून पुस्तक चाचपलं.
म्हटलं, नको.
बाहेर चहा प्यायले, मिरचीची भजी खाल्ली,
जीभ पोळली. ते वहीत लिहिलं.
बाकी लिहिण्यासारखं काही सुचलं नाही.

परतले तेव्हा रायबंदरला भरती होती,
खारफुटीतून चिखलाचा वास, तारेवर खंड्या.
बाबलने विचारलं, "दिलें पुस्तक?"
मी मान हलवली. नाही.
तो काही बोलला नाही. फक्त माझ्या मागे बघितलं,
कुणी सोबत आलंय का ते.

वही उघडली.
इनासने सुटकेस उचलली,
पहिल्यांदाच, मला न विचारता,
आणि ओल्या रॅम्पवर एक बूट ठेवला,
आणि वाक्य लांबत गेलं, त्यात मिरची आली, बोगदा आला,
मान वर न करणारा पोरगा आला,
दार लावून घेणारी ती बाईसुद्धा, हातात कडी,
आणि चोडणचा धक्का लागला, रॅम्प आपटला,
स्कूटरी सुटल्या, मागचा हॉर्न वाजवत राहिला.

नदी संपली. वाक्य नाही.
बाबलने गाड्या माझ्या दोन्ही बाजूंनी काढल्या,
नव्या घेतल्या,
आणि साखळी ओढली.